भाकरी तीन, ताक एक वाटी

समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय असं धरूनच मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. पोलिसात नव्हते. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. पेशंट मला ‘डाएटवाल्या मॅडम’ म्हणायचे. वॉर्डातले जुने कर्मचारी माझ्या पाठीमागं काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझ्याकडं येणारा प्रत्येक जाडा माणूस खुर्चीत बसायच्या आधी एकच वाक्य म्हणायचा, “मॅडम, मी कायबी खात न्हाय.” त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं, “नुसतं पाणी पिलं तरी अंगाला लागतंय.” सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला वाईट वाटायचं, मी थायरॉइडच्या तपासण्या लिहून द्यायचे. शंभरातल्या मोजक्यांना खरंच तसं काही निघायचं. उरलेल्यांना काय निघायचं ते सांगते.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. वजन करायचं, उंची घ्यायची, दिवसाला किती कॅलरी ते ठरवायचं आणि छापील कागदावर खुणा करून द्यायच्या. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे वही वाचण्याचं. पेशंटनं सकाळपासून तोंडात घातलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहून आणायची. वही कशी वाचायची हे कॉलेजात शिकवत नाहीत. आठवड्याची वही एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात असेल तर ती बाहेरच्या बाकावर बसून अर्ध्या तासात उतरवलीय असं समजायचं. रविवारचं पान कोरं असेल तर रविवारी घरी मटण होतं. वहीत सगळीकडं ‘अर्धी वाटी’ असेल तर घरात वाटीच नाही, पातेल्यातून थेट चाललंय.

एक हॉटेलमालक यायचे. साखर वाढलेली, वजन एकशे आठ. वहीत मटणाचं नाव नाही. मी म्हटलं, “मालक, मटण सोडलं?” तर छातीला हात लावून म्हणाले, “आईशप्पथ मॅडम, महिना झाला, फोड तोंडात घातली न्हाय.” मग माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, “आणि रस्सा?” त्यावर त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “रस्सा व्हय? त्यो पितो की. तुम्ही खाल्लेलं लिवायला सांगितलासा.” दिवसाला सात-आठ वाट्या, वरच्या तेलासकट. माणूस खोटं बोलत नव्हता. रस्सा पितात, खात नाहीत, हे आपल्याकडं पोरालाही कळतं. चूक माझ्या प्रश्नात होती. पण तेव्हा मी ती माझी मानली नाही, त्यांचीच मानली आणि पुढच्या पेशंटला दोन प्रश्न जास्त विचारायला लागले.

फौंड्रीतले एक सुपरवायझर तर कहर होते. त्यांच्या कारखान्यात वजन कमी करायची पैज लागली होती. पहिल्या वजनाला त्यांनी पँटच्या दोन्ही खिशांत लोखंडाचे ओतीव तुकडे घालून आणले. दुसऱ्या महिन्यात तुकडे घरी ठेवून आले आणि अडीच किलो उतरले म्हणून पेढे घेऊन आले. पेढे मीच खाल्ले नाहीत, एवढाच काय तो धडा. त्या दिवसापासून वजनाच्या आधी मी प्रत्येकाचे खिसे रिकामे करायला लावले.

हे सगळं सांगायचं कारण, माझा संशय हवेतून आलेला नव्हता. माणसांनीच तो मला शिकवला होता, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरायचा. खरा ठरलेला संशय माणसाला फार लवकर चढतो. मलाही चढला होता.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना शोभा मगदूम माझ्याकडं आली. गडहिंग्लजच्या बाजूचं गाव, वय छत्तीस. कपाळावर भस्माची पुसट रेघ, हातात कापडी पिशवी. घरच्या चार म्हशी, थोडी शेती. नवरा महादेव दूध संकलनाचा टेंपो चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा तो आमच्याकडं डायलिसिसला यायचा. आई म्हातारी, भावाला साखर. बायकोचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. पण शोभाचं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि उंची बेताची. सर्जननी सांगितलं, चौऱ्याहत्तरच्या आत आणा, मगच किडनी काढू. त्यात हटवादीपणा काही नव्हता. एका किडनीवर पुढची चाळीस वर्षं काढायची, तर त्या बाईला पुढं साखर आणि रक्तदाब होऊ नये, हे बघावं लागतं.

आठ किलो. मी तिला बाराशे कॅलरीचा कागद दिला. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा दिवसाला तीन भाकरी. पालेभाजी, उसळ, ताक एक वाटी, फळ एक. घरी पीठ मोजायला छोटा काटा घ्यायला लावला.

“जमेल?” मी विचारलं.

“जमवतो की मॅडम. न जमवून कुणाला सांगतो?” ती म्हणाली. आपल्याकडं खेड्यातल्या बायका स्वतःला ‘येतो, जातो’च म्हणतात, तशी तीही म्हणायची.

पहिल्या पंधरवड्यात दीड किलो उतरलं. ते पाण्याचं असतं, त्यात फार आनंद मानायचा नसतो. त्यानंतर काटा साडेऐंशीवर जो बसला तो हलेना. महिना झाला, दीड महिना झाला. तिची वही मी भिंग लावल्यासारखी वाचली. रोजचं पेन वेगळं, एका पानावर हळदीचं बोट, एका ठिकाणी ताक सांडलेलं. ‘भाकरी तीन, ताक एक वाटी, मेथी, पेरू एक.’ बेरीज केली की बाराशेच्या आत. थायरॉइड केलं, नॉर्मल. सूज नाही, गोळ्या कुठल्या नाहीत. वही खरी दिसत होती आणि काटा तर खोटं बोलत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते आधी एकदा घडलेलं होतं. एका भावानं भावाला किडनी द्यायचं कबूल केलं होतं, आणि तोंडानं नाही म्हणता येईना म्हणून त्यानं गुपचूप गोड खाऊन स्वतःची साखर वाढवली होती. डॉक्टरांनी नाही म्हणावं, आपल्यावर येऊ नये, एवढीच त्याची इच्छा. ज्याला द्यायची नसते त्याला वाट मिळावी म्हणून दात्याला एकट्याला विचारायची पद्धत आमच्याकडं आहे. तो नाही म्हणाला तर घरच्यांना ‘तपासणीत बसत नाही’ एवढंच सांगतात.

मी शोभाला एकटीला बसवलं. म्हटलं, “शोभा, खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही. तुला द्यायची आहे का?”

“द्यायची हाय,” ती म्हणाली.

फार पटकन म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली. आणि मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. ती गेल्यावर किडनी द्यायला मंजुरी देणाऱ्या समितीसाठीच्या तिच्या फाइलमध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिली. वही बरोबर असूनही वजन उतरत नाही, दात्याच्या इच्छेबद्दल शंका वाटते, अशा अर्थाची. पुढं सही केली. पंचवीस वर्षांच्या अनुभवाची सही होती ती, मला अभिमानच वाटला असेल.

आता आमच्या दवाखान्यांची एक रीत सांगते. फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात नेतं कोण? नातेवाईक. गुपित ज्याच्यापासून ठेवायचं त्याच्याच काखेत ते देऊन आपण त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवतो. त्या दिवशी फाइल शोभाच्या दिरानं नेली. तो कॉलेज शिकलेला होता. लिफ्टची वाट बघताना त्यानं पानं चाळली आणि माझ्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला.

पुढच्या वेळी शोभा आली ती डोळे सुजवून. तिनं तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, घरात सगळी मला इचारत्यात, चोरून काय खातीस म्हणून. दिरानं कोठीचं कुलूप बदललं. शेंगाचं पोतं माडीवर ठेवलं.”

समितीनं माझ्या ओळीमुळं प्रकरण बाजूला ठेवलं. समाजसेविकेनं तिला दोनदा बोलावलं. महादेवच्या मानेत डायलिसिसची नळी होती, ती दर आठवड्याला त्रास द्यायला लागली होती. मी मात्र अजून चोर शोधत होते. मी शोभाला म्हटलं, “उद्या दिवसभराचं जेवण जसंच्या तसं डब्यात घालून आण. तू वहीत लिहितेस ते मला डोळ्यांनी बघायचं आहे.”

ती सकाळची एस.टी. धरून आली. माझ्यापर्यंत नंबर यायला दुपारचे अडीच वाजले. डब्यात मेथीची भाजी, बाटलीत ताक आणि फडक्यात तीन भाकरी. मी एक भाकरी उचलली आणि मोडायला गेले. ती मोडली नाही, घडी झाली. ज्वारीची भाकरी पहाटे थापली की दुपारपर्यंत कडा कडक होतात, मोडली की कट् आवाज येतो. ही रुमालासारखी मऊ होती. वरचे डाग काळे नव्हते, तांबूस होते. मी वास घेतला, मग तुकडा तोंडात टाकला. गोडसर लागली.

“शोभा, ही भाकरी कुणी केली?”

“अत्तींनी.” अत्ती म्हणजे सासू. त्यांच्याकडं कानडी वळणानं सासूला तसंच म्हणतात.

“आणि पीठ मोजतं कोण?”

“मी मोजून देतो. मळत्यात त्याच. डायेट लागल्यापास्नं चुलीजवळ मला बसू देत न्हाईत.”

मी पुढं काही विचारलं नाही. मला उत्तर सापडलं होतं आणि ते सापडल्याचा आनंद झाला होता, हेही कबूल करते. पीठ पन्नास ग्रॅमच होतं. पण ते पाण्यात मळलेलं नव्हतं, दुधात मळलेलं होतं. ती भाकरी नव्हती, दशमी होती. आणि भाजी बोटानं चेपून बघितली तर मेथीपेक्षा शेंगदाण्याचं कूट जास्त.

अत्तींना बोलावलं. सत्तरीच्या पुढची, वाळकी, ताठ बाई. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी सरळच विचारलं, “आजी, सुनेच्या भाकरीचं पीठ कशात मळता?”

“पाण्यात.”

“आजी.”

“दुधात,” त्या म्हणाल्या. लाजल्या वगैरे नाहीत. “म्हशीच्या. सकाळचं. वरनं साय घालतो जरा.”

“आणि ताक?”

“लोणी न्हाय काढत तिच्या वाटणीचं. काय चुकलं?”

“आणि कूट? कुलूप लावलंय म्हणे कोठीला.”

“किल्ली माझ्याकडंच असत्या की. घर कुणाचं हाय?”

मी त्यांना हिशेब सांगितला. दिवसाला सहाशे-साडेसहाशे कॅलरी जास्त जातात, म्हणून वजन उतरत नाही, म्हणून ऑपरेशन होत नाही, म्हणून महादेव अडकून पडलाय. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचं वजनाचं मला कळत न्हाय बाई. पोरगी अंगातला तुकडा काढून माझ्या लेकाला देणार. बाळातपणाला जाणाऱ्या बाईला आपण डिंक देतो, तूप देतो. हिचं तर पोट फाडणार. तिला मी उपाशी धाडू व्हय? माझ्या लेकासाठी तिचं अंग घ्यायचं, आन दोन भांडी दूध बी घालायचं न्हाय? मला देव काय म्हणंल?”

म्हातारीनं सगळं प्रेमानं केलं होतं आणि त्या प्रेमानंच तिचा मुलगा मरायला टेकला होता. मी एवढंच म्हटलं, “पाण्यात मळा आजी. ऑपरेशन झालं की मीच तुम्हाला सांगेन काय काय घालायचं ते.” त्या उठल्या, पदर सारखा केला आणि “बरं” म्हणून गेल्या. त्यांनी शब्द पाळला.

मी समितीला पत्र लिहून माझी ओळ मागं घेतली. पण कागद हलायला वेळ लागतो. लिहायला मला अर्धं मिनिट लागलं होतं, खोडायला पाच आठवडे लागले. इकडं शोभाचं वजन उतरत होतं. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर. साडेशहात्तर. दर सोमवारी ती चपला काढून काट्यावर उभी राहायची आणि खाली बघायची नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. शेवटच्या सोमवारी पंच्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम भरलं. समितीची मंजुरी आली त्याच आठवड्यात. त्याच आठवड्यात महादेवच्या मानेतल्या नळीतून जंतुसंसर्ग रक्तात गेला. चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. पाचव्या दिवशी गेला.

नंतर कधीतरी सर्जन कँटीनमध्ये मला म्हणाले, “मॅडम, ती शहात्तरला आली तेव्हाच मी घेतलं असतं. समितीचा कागद नव्हता म्हणून थांबलो.” त्यांना माझी ओळ आठवत नसावी. मला आठवत होती.

अडीच महिन्यांनी शोभा परत आली. पेशंट म्हणून नाही. दुपारी ओ.पी.डी. रिकामी झाल्यावर दारात उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “मॅडम, एक कागद पायजे. मी द्यायला तयार व्हतो, असं लिवून द्या.”

“कुणाला दाखवायचा आहे?”

“दीर सगळ्यास्नी मोबाइल दावतोय. गावात म्हणत्यात, बाईनं खाऊन खाऊन नवरा मारला. ते म्हणंनात का. पण माझी पोरगी चौथीला हाय. तिला वर्गातल्या पोरीनं सांगितलं, तुझ्या आईनं दिली न्हाय म्हणून. ती आता माझ्याजवळ झोपत न्हाय.”

“आणि अत्ती?”

“त्या कायच बोलत न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.”

मी लेटरहेड काढलं, पेन काढलं. आणि तरीसुद्धा माझ्यातली ती संशयी बाई गप्प बसेना. मी विचारलंच, “शोभा, दशमीचं तुला कळलं होतं की नाही?”

“पयल्या घासाला कळलं. चौदा वर्षं भाकऱ्या थापतो मी. दशमी कळणार न्हाय व्हय?”

“मग मला का नाही सांगितलंस? दीड महिना मी तुला चोर समजले.”

“लगीन झाल्यापास्नं अत्तींनी माझ्या भाकरीत खोटच काढली. जाड झाली, करपली, पापुद्रा न्हाय. मी सगळ्यात शेवटी जेवायचो, राहिलेलं. त्या दिवशी त्यांनी गरम भाकरी माझ्या ताटात टाकली आन समोर बसल्या. खा म्हणाल्या. मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बी खाल्ली. नको कसं म्हणू? म्हटलं, दोन दिस खाऊन घेतो, मग सांगतो. सांगितलं न्हाय.”

“आणि भीती?”

“व्हती की. एखाद्या सकाळी वाटायचं, काटा न उतरला तर बरं. एखाद्या सकाळी वाटायचं, आजच्या आज उतरू दे. सगळंच वाटायचं.”

“मग द्यायची होती की नव्हती?”

तिला राग आला. पहिल्यांदाच बघितला मी तो. “तुम्हीच वजन करत व्हतासा की मॅडम. मला काय इचारता?”

मी पेनाचं टोपण काढलं. आजही मला पक्कं सांगता येणार नाही. पहिल्या दोन महिन्यांतली शोभा खरी की नंतरच्या पाच आठवड्यांतली, का दोन्ही, हे कुठल्या काट्यावर बघायचं ते मला कुणी शिकवलं नाही. पण ती म्हणत होती ते सरळ होतं. दूध बंद झाल्यावर सव्वापाच किलो उतरवलं होतं ते तिनंच, एकटीनं, सगळं घर तिच्याकडं संशयानं बघत असताना. आणि तिला खोटी ठरवणारी ओळ माझ्या हातची होती. ती लिहिताना मी काय मोजलं होतं? बोटाला गुंडाळलेला पिशवीचा बंद.

मी मराठीत लिहिलं, म्हणजे तिच्या मुलीला वाचता येईल. ‘सौ.’ लिहिणार होते, हात थांबला. ‘श्रीमती शोभा महादेव मगदूम या आपल्या पतीला किडनी देण्यास स्वेच्छेने तयार होत्या. त्याबद्दल मी पूर्वी नोंदवलेली शंका चुकीची होती.’ खाली सही केली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

तिनं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. मग कागद परत माझ्यापुढं ठेवला.

“वजन बी लिवा.”

“कुठलं?”

“दोन्ही. आलो तवाचं आन शेवटचं.”

मी कपाटातून तिचा तक्ता काढला. लिहिलं, प्रथम वजन ब्याऐंशी किलो, अंतिम वजन पंच्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम.

“आन किती पायजे व्हतं ते बी लिवा,” ती म्हणाली. मी चौऱ्याहत्तर लिहिलं. तिनं तिन्ही आकडे पुन्हा एकदा बघितले.

“एक किलो दोनशे ग्रॅम ऱ्हायलं व्हतं मॅडम,” ती म्हणाली. “आणखी दोन सोमवार.”

मी शिक्क्याची डबी उघडली आणि कागदावर शिक्का मारला.